मुकादमाची सही

अकोला
९ सप्टेंबर २०२४

नत्थुमामा आणि मामीले वर्षालीचा नमस्कार.

फोनवर तुम्हाले ऐकू येत नाही, आणि हे काम फोनचं नाहीच, म्हणून लिहून राहिली. सोबत एक फॉर्म आहे. तो बाजूले ठेवा, पहिले पत्र वाचा.

चार वर्षांआधी मोर्शीकडं सिनेमाचं शूटिंग झालं होतं. शुभमदादा आम्हा आठ जणांना घेऊन गेला होता, आठवते ना? तो सिनेमा आता टीव्हीवर लागते. मोबाईलवरही लोक पाहतात. आम्हाले त्या वेळची रोजी मिळाली, विषय संपला, असंच आम्ही समजत होतो. पण मुंबईत नटांची एक संस्था आहे. सिनेमा जितक्या वेळा दाखवला, तितक्या वेळा दाखवणाऱ्यानं नटांचा वाटा दिला पाहिजे, असं तिचं म्हणणं आहे आणि ती तो वसूल करते. एकटा नट मागायले गेला तर त्याले दारातून आत घेत नाहीत. म्हणून संस्था सगळ्यांच्या वतीनं मागते आणि ज्याचा वाटा त्याले देते.

मी चौकशी केली. तर त्यांच्या कागदावर इकडचा एकच नट निघाला. शुभम नत्थुजी. आमचं कोणाचंच नाव नाही. करार एकच, सही एकच, दादाची.

त्यानं काही वाईट हेतूनं नाही केलं, मामा. तो संत्रा तोडायले जशी टोळी नेत होता तशीच आमची नेली. मुकादमानं सही केली की सगळ्या टोळीची झाली. सिनेमावाल्यांना तेच सोपं पडलं.

आता दादाले जाऊन वर्ष झालं. करार त्याचा, वारस तुम्ही, म्हणून संस्था तुम्हालेच विचारते. पडद्यावर कोण कोण आहे ते तुम्ही लिहून दिलं तर सगळ्यांची नावं चढतात. नाही दिलं तर आमचा कोणाचाच हक्क राहत नाही. मुदत ३० नोव्हेंबरची आहे.

तुम्हाले त्रास नको म्हणून नावं मीच लिहिली आहेत, नऊ. आम्ही आठ आणि दादा. तुम्ही फक्त खाली सही करा आणि पाठवा.

तुमची वर्षाली


अमरावती
१७ सप्टेंबर

वर्षालीस,

पत्र पोचलं. दोन पानं लिहलीस, एकात झालं असतं.

आमी बरे आहो. फ्लॉवरची रोपं लावून झाली. शुभमची मोटरसायकल पोलिसांनी सोडली तवापासून अंगणातच उभी हाये. तुही मामी तिच्यावर लसणाच्या जुड्या वाळत घालते.

फॉर्म पाह्यला. पंधरा रकाने हायेत. पहिलाच रकाना, मयत कलाकाराचे नाव. ते त्यायनं छापूनच धाडलं. मुंबईचा माणूस आपल्याले घरबसल्या काही देते, हे माह्या डोक्यात बसत नाई. पण ते सोड.

तुले एक सांगतो. आठ दिवसांआधी विपुल नावाचा तुमच्यातला पोट्टा इथल्या भाजी बाजारात आला होता. भर गर्दीत म्हणे, काका, तुमच्या शुभमनं आम्हा सगळ्यांचा वाटा आपल्या एकट्याच्या नावावर चढवला. मी कोबीचे गड्डे मोजून राहिलो होतो. मोजत राहिलो. बाजूचे लोक पाहत होते. तो गेला तवा इसरलो कितीपर्यंत आलो होतो, पुन्हा एकपासून मोजले.

आता मी सही केली का बाजार म्हणन, पोरानं खाल्लं आन् बापानं वापस केलं. त्यानं कोणाचं खाल्लं नाई. म्हून सही होणार नाई. फॉर्म वापस धाडून राहिलो.

नत्थुजी


अकोला
२८ सप्टेंबर २०२४

ती. मामा,

फॉर्म परत आला. मी परत पाठवत आहे. रागावू नका.

विपुलची मी चांगली खरडपट्टी काढली. त्याले बोलायची घाई असते, समजायची नसते. संस्थेच्या कागदावर एकच नाव पाहिलं आणि डोकं फिरलं त्याचं. मी त्याले विचारलं, शूटिंगच्या शेवटच्या दिवशी वडाखाली बसून दादानं वाटणी केली, तेव्हा तुले किती दिलं? म्हणे सगळ्यांइतकं. दादानं किती घेतलं? म्हणे तेवढंच. करिश्मा दोनच दिवस आली होती, तिलेही पूर्ण वाटा दिला. मुकादमाचं वरचं कमिशन त्यानं घेतलं नाही. मग खाल्लं कधी?

चूक इतकीच आहे मामा, की संत्र्याच्या बगीच्यात मुकादम रोज समोर असते. कोणाचं राहिलं तर तिथंच भांडता येते. बगीचा खाली झाला की हिशोब संपते. सिनेमाचं तसं नाही. तो चारचार वर्षं दाखवतातच. आणि मुकादम तर राहिला नाही.

तुमच्या बाजार समितीसारखंच समजा. एकट्या शेतकऱ्याले व्यापारी पाहिजे तो भाव सांगते. समिती असली की निदान बोली सगळ्यांसमोर लागते. या संस्थेचं तेवढंच काम आहे. भीक नाही, उपकार नाही.

आमच्यातले केशवराव तुम्हाले माहीत आहेत, म्हातारे, सिनेमात माझे वडील झाले होते. मागच्या वर्षी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाज गेला. आता नाटकातही कोणी घेत नाही. पाटीवर लिहून बोलतात. त्यांनी मले लिहून विचारलं, नत्थुजीले मी भेटू का? मी नको म्हटलं. तुम्हाले गर्दी आवडत नाही.

सिनेमा पाहायची गरज नाही. मामीलेही दाखवू नका, उगीच जीव तळमळीन. नावं बरोबर आहेत, माझ्यावर भरोसा ठेवा. सही तेवढी करा.

वर्षाली


अमरावती
५ ऑक्टोबर

वर्षालीस,

वाटणीचं तू लिहलंस ते बरं केलं. मले माहीत होतं, पण कोणी सांगितलं नव्हतं. बाजारात दोघाचौघाले वाचून दाखवलं. विपुलले सांग, मी त्याच्यावर राग धरत नाई. राग यायले पाह्यजे तर येत नाई. काहीच येत नाई. फवारणी करतो, जेवतो, झोपतो.

सहीचं आता बदललं. करतो. पण न पाहता करत नाई.

फॉर्मवर सहीच्या वर काय छापलं ते वाचलंस का? मी चित्रपट स्वतः पाहिला असून. असं लिहलं. मी तर पाह्यला नाई. मंग कशी करू? चाळीस वर्षं झाले भाजी विकून राहिलो, कॅरेट उघडून पाह्यल्याशिवाय कोणाचा माल घेतला नाई. वरून टमाटे लाल असतात आन् खाली पाणी सुटलेलं असते. तुमचं हे सगळं लचांड त्याच्याचमुळे झालं, आठ जणांनी न वाचता दुसऱ्याले सही करू देली. आन् तू मलेबी तेच शिकवून राह्यली.

मामीचं तू काहून ठरवते? तिचं ती पाहीन.

सिनेमा धाड. माह्या भावाची नात पायल कॉलेजात जाते, तिच्यापाशी कम्पुटर हाये.

केशवरावले म्हणाव, यायची गरज नाई, गाडीभाडं वाचवा.

नत्थुजी


अकोला
२६ ऑक्टोबर २०२४

ती. मामा,

उशीर झाला. दुकानात काम होतं. मी मेडिकलच्या काउंटरवर उभी असते, आणि हा महिना डेंग्यूचा, मान वर करायले वेळ नव्हता.

खरं सांगते, पाठवायचं मनात नव्हतं. रोज पर्समध्ये घेऊन जायची आणि परत आणायची. पण मुदत जवळ आली. सोबत पेनड्राईव्ह आहे. पायल लावून देईन.

दिवाळी झाल्यावर पाहा. मामा, सिनेमा लांब आहे. सगळा पाहायची गरज नाही. पहिला अर्धा तास पाहिला तरी आमच्यातले बरेच जण दिसतात. तेवढं पुरे.

वर्षाली


अमरावती
१३ नोव्हेंबर

वर्षालीस,

दिवाळी झाली. घरात काही केलं नाई. पायलच्या मायनं चकल्या आणून देल्या.

सिनेमा पाह्यला. सोमवारी बाजार लवकर आटोपला, दुपारी ओसरीवर बसलो. पायलनं कम्पुटर लाकडी पेटीवर ठेवला. तुही मामी मेथी निवडत बसली. मी म्हणलो, पाहाचं असन तर पाह्य, नाईतर आत जा. ती उठली नाई.

आता एकेकाचं सांगतो, पायलनं प्रत्येकाचं मिनिट लिहून घेतलं हाये.

तू हाये. विहिरीवर रडली. बरी रडली. पण हंडा रिकामा होता, चालण्यावरून समजते. भरल्या हंड्याची बाई अशी चालत नाई. केशवराव हायेत, त्यायचा आवाज भारी होता. खाटेवर बसून सुनेले बोलतात तवा तुही मामी मेथी निवडायची थांबली. करिश्मा बांगड्याच्या दुकानात हाये. विपुल दोन शब्द बोलते आन् दोन्ही वेळा आपल्याकडंच पाहते. बैलगाडीवर दोघं भाऊ हायेत, कासरा धरता येत नाई त्यायले, बैल गरीब म्हून चाललं. शाळेचा मास्तर हाये. चहा देणारी बाई हाये, तिचं तोंड उलसंकच दिसते, पण दिसते.

हे आठ झाले.

शुभम दिसला नाई. मी म्हणलो पडदा लहान हाये, माहे डोळे गेले, चुकलो असन. सिनेमा संपला, नावं वर सरकले. तुही मामी म्हणे, पुन्हा लाव. वर्षभरात तिनं स्वतःहून काही मागितलं ते एवढंच. दुसऱ्या बारीले जिथं जिथं गर्दी होती तिथं पायलनं थांबवलं, जत्रेत, मंडपात, मैतीत. एकेक तोंड मोठं करून दाखवलं. पाठमोरेबी पाह्यले. पाठ तर मी ओळखतोच.

नाई.

अंधार पडला तवा पायल घरी गेली. तुही मामी स्वयंपाकाले लागली.

तू नऊ नावं लिहलीस. नववं कोणत्या मिनिटाले हाये ते सांग. पायलकडून पाहून घेतो.

नत्थुजी


अकोला
१९ नोव्हेंबर २०२४

ती. मामा,

ते मिनिट नाही.

दादानं काम केलं होतं. संत्र्याच्या व्यापाऱ्याचा माणूस झाला होता, दोन दिवस. ऊन फार होतं आणि त्याले कोट घालायले दिला होता. भाव पाडून बोलायचं होतं, केशवरावांशी. छान बोलला. त्याले तर रोजचंच ते. मग सिनेमा लांब झाला म्हणून त्यांनी तो सगळा भाग कापला. आम्हाले कोणी सांगितलं नाही.

अकोल्याले पहिल्यांदा दाखवला तेव्हा आम्ही नऊ जण एका रांगेत बसलो होतो. दादा मधात. त्याची वेळ आली आणि गेली. मी त्याच्याकडं पाहिलंच नाही. शेवटी सगळ्यात पहिले टाळ्या त्यानं वाजवल्या. बाहेर आल्यावर सगळ्यांना भजे खाऊ घातले आणि म्हणे, घरी कोणी सांगू नका, मी पाहून घेईन. आम्ही कोणी सांगितलं नाही. विपुलनंही नाही, मामा, बाजारात तो तेवढा बोलला पण हे बोलला नाही.

मी नववं नाव का लिहिलं ते सांगते. आमच्यापैकी एकालाही सिनेमावाले ओळखत नव्हते. दादा नसता तर आम्ही पडद्यावर नसतो. त्याचाच वाटा नाही, हे मले पटलं नाही. संस्था एवढं तपासत नाही, वारसानं लिहिलं की मानतात. आणि तुम्ही न पाहता सही केली असती तर तुम्हाले कधी समजलंही नसतं. मले वाटलं होतं, पैशाची मदत होईन आणि पोरगा सिनेमात होता हेही राहीन.

आम्ही आठही जण परवा बसलो होतो. केशवरावांनी पाटीवर लिहिलं, नववं ठेवा. बाकीच्यांचंही तेच म्हणणं आहे. कोणाची हरकत नाही. कोणी कधी बोलणार नाही.

आता तुम्ही म्हणाल तसं. मुदतीले अकरा दिवस राहिले.

वर्षाली


अमरावती
२३ नोव्हेंबर

वर्षालीस,

फॉर्म सोबत हाये. रजिस्टर पोस्टानं धाडून राहिलो, पावती माह्यापाशी हाये. पोचल्यावर लगेच मुंबईले पुढं कर, तिसाची वाट पाहू नको.

शुभम अकोल्याहून आला ती गोष्ट मले आठवते. रविवार होता. तुही मामी भाकरी टाकून राहिली होती. तो म्हणे, माय, सिनेमा झकास झाला, तुले एक दिवस दाखवतो. मी म्हणलो, दाखवणं राहू दे, पहिले फ्लॉवरले पाणी दे. गेला पाणी द्यायले. पुन्हा त्यानं सिनेमाचं नाव काढलं नाई. मले वाटे माह्या बोलण्याचा राग आला.

तुहं पत्र मी मामीले वाचून दाखवलं. सगळं. ती म्हणे, राहू द्या ना नाव, कोणाचं काय जाते. मी म्हणलो, आठ जणांच्या ताटातलं जाते. पडद्यावर आठ हायेत, वाटे नऊ केले तर नववा वाटा त्या आठातूनच निघते. केशवराव पाटीवर हो लिहतीन, तू हो म्हणशीन, विपुल लाजेनं हो म्हणन. पण शुभमनं वडाखाली बसून कमिशन घेतलं नव्हतं. आन् आता त्याच्या नावानं मी घेऊ?

ती मंग अंगणात गेली. घंटाभरानं म्हणे, कोट कोणत्या रंगाचा होता ते वर्षालीले इचारा. तर लिहून कळव.

फॉर्मात काय केलं ते सांगतो, म्हणजे मुंबईवाल्यायनं तुले इचारलं तर बोलता आलं पाह्यजे. तू लिहलेली नववी ओळ मी आडवी रेघ मारून खोडली, बाजूले सही केली. आठ जणांपुढं पायलनं मिनिटं लिहले. वर पहिल्या रकान्यात मयत कलाकाराचे नाव म्हणून जे छापून आलं होतं, त्यातला कलाकार खोडला. मयत तसंच ठेवलं. खोडताना बाजार समितीची पावती फाडतो तसंच वाटलं. पायल म्हणे, आजोबा, खाडाखोड केलेला फॉर्म चालत नाई. तिले म्हणलो, खोटा चालते का मंग?

कलाकार खोडून वर मुकादम लिहलं. त्यायच्या रकान्यात ते बसत नसन तर त्यायनं रकाना वाढवावा. हे आठ माणसं या सिनेमात काम करायले आणले कोणी, ते कुठंतरी लिहलेलं असावं. त्याचा वाटा मागून राहिलो नाई.

सहीच्या जागेवर काय लिहाव, ते दोन दिवस समजलं नाई. वारस लिहून पाह्यलं एका कोऱ्या कागदावर. बरं दिसलं नाई. वारस ज्याले काही भेटलं त्याले म्हणतात. आमच्या तोडणीच्या टोळीत मुकादम बिमार पडला का घरचा कोणी येऊन त्याच्या जागेवर सही करते, आन् टोळीची मजुरी अडत नाई. तसंच केलं. वाचता येते का पाह्य, अक्षर माह्यं खराब हाये.

मुकादम शुभम याचे करता, नत्थुजी.